रातकिड्यांच्या तालमीतला उलटा नियम

तालमीत नवं पोर दाखल झालं की वस्ताद डावपेचांआधी एकच गोष्ट बजावून सांगतात: लंगोटाचा पक्का राहायचं. दूध, तूप, बदाम, जोर-बैठका हे सगळं त्यानंतर. स्त्रीसंगानं पैलवानाची रग जिरते, हा कुस्तीच्या जगातला इतका मुरलेला समज आहे की त्यावर वाद घालायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

चीनमध्ये कुस्तीचं आणखी एक जग आहे. तिथले मल्ल जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर लांबीचे, काळपट तपकिरी रंगाचे, सहा पायांचे आहेत. हे आहेत झुंजीचे रातकिडे. त्यांचे वस्ताद मात्र नेमका उलटा नियम पाळतात. झुंज ठरली की आदल्या रात्री किंवा काही तास आधी ते नराच्या मडक्यात मादी सोडतात. मादीचा सहवास मिळालेला नर जास्त त्वेषानं लढतो, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री आहे.

दोघांपैकी खरं कोणाचं? पैलवानांचं राहू द्या, पण रातकिड्यांवर, फुलपाखरांवर आणि चिलटांवर हा प्रश्न प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तपासून पाहिला गेला आहे. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सरळ आलं नाही, आणि ते का आलं नाही यातच सगळी गंमत आहे.

रातकिडे झुंजवण्याचा चिनी नाद शेकडो वर्षांचा. तेराव्या शतकात दक्षिण सुंग घराण्याचा मुख्य मंत्री असलेल्या जिया सिदाओनं रातकिड्यांच्या निवडीवर आणि निगराणीवर ग्रंथच लिहिला, असं मानलं जातं. मंगोल फौजा राज्य गिळत होत्या तेव्हा हा गृहस्थ रातकिडे झुंजवत बसला होता, ही बदनामीही त्याच्या नावाला कायमची चिकटली. आजही उन्हाळा सरताना शांतुंग प्रांतातल्या निंगयांग परिसरात रातकिड्यांचा बाजार भरतो. गावकरी रात्री मक्याच्या शेतांतून विजेऱ्या घेऊन हिंडतात, आवाजावरून नर हेरतात आणि शहरातून आलेल्या शौकिनांना विकतात. चांगल्या किड्याला हजारो युआन मिळतात. पैसे लावून झुंज खेळणं तिथं बेकायदा आहे. अर्थात, कायदा आहे म्हणून नाद सुटला असं जगात कुठंच झालेलं नाही.

या शौकिनांचं काम बारकाईचं. किडा मातीच्या भांड्यात एकटा ठेवायचा, नाजूक काट्यावर तोलून त्याच्या वजनाचाच जोड शोधायचा, गवताच्या काडीनं किंवा उंदराच्या मिशांच्या कुंचल्यानं त्याच्या तोंडाशी गुदगुल्या करून त्याला चेतवायचं. मादी ओळखायला सोपी असते. रातकिड्याच्या मागच्या टोकाला शेपटीसारखे दोन काटे असतात. मादीला त्या दोहोंच्या मधोमध अंडी घालण्याची सुईसारखी लांब नळीही असते. म्हणून चिनी शौकीन तिला ‘तीन शेपट्यांची’ म्हणतात. नर पाळणाऱ्याला अशा तीन शेपट्यांच्या माद्याही पाळाव्या लागतात, केवळ झुंजीआधीच्या या कामासाठी.

झुंज जवळून पाहिली तर ती अंदाधुंद मारामारी नसते. दोन नर समोरासमोर आले की आधी मिशांची पटाबाजी चालते. लांब मिशा एकमेकांवर सपासप आपटतात आणि समोरचा नर आहे की मादी, याचा निकाल तिथंच वासानं आणि स्पर्शानं लागतो. मग एक जण जबडे फाकवतो. दुसऱ्यानंही फाकवले तर दोघांचे जबडे एकमेकांत अडकतात आणि ढकलाढकली सुरू होते. कधी एक दुसऱ्याला उचलून मागं भिरकावतो. या पायऱ्यांपैकी कोणत्याही पायरीवर एखादा माघार घेऊ शकतो, आणि बहुतेक झुंजी काही सेकंदांत आटोपतात. जिंकलेला पंखांवर पंख घासून जोरात किरकिरतो. हरलेला गप्प राहून पळ काढतो. माघार घ्यायची वाट उघडी असल्यामुळे जिवावर बेतणारी दुखापत सहसा होत नाही.

हरलेल्याची पुढची कथा शास्त्रज्ञांना जास्त रंजक वाटली. पराभूत रातकिडा त्यानंतर कित्येक तास, कधी जवळजवळ दिवसभर, कोणाशीच भिडत नाही. त्याच्याहून दुबळा नर समोर आला तरी तोंड फिरवतो. चिनी वस्तादांकडे यावर एक उपाय आहे: हरलेला किडा तळहातावर घ्यायचा, हलवायचा आणि दोन-चारदा हवेत उडवायचा. ऐकायला हे जत्रेतल्या वैदूच्या तोडग्यासारखं वाटतं. पण २००० साली जर्मनीतल्या लाइपझिगमधले हान्स होफमान आणि पॉल स्टीव्हन्सन यांनी ‘नेचर’मध्ये छापलेल्या छोट्याशा निबंधात दाखवलं की हरलेल्या नराला थोडा वेळ उडायला लावलं तर तो पुन्हा लढायला तयार होतो. उडणाऱ्या किड्याच्या अंगात ऑक्टोपामाइन नावाचं रसायन वाढतं. माणसात धडधड वाढवणाऱ्या ॲड्रिनॅलिनचं हे कीटकांमधलं भावंड. लोकांच्या तोडग्यामागं पक्कं कारण निघालं, तेव्हा साहजिकच मादीच्या तोडग्याकडेही लक्ष गेलं.

खरं तर त्याची कुणकुण आधीच लागलेली होती. अमेरिकी कीटकतज्ज्ञ रिचर्ड अलेक्झांडर यांनी १९६१ साली मैदानी रातकिड्यांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. झुंज जिंकलेला, स्वतःचं बीळ असलेला आणि नुकताच मादीशी जुगलेला नर जास्त दांडगाई करतो, अशी त्यांची नोंद होती. २००८ साली ओहायोतल्या मायामी विद्यापीठातल्या कॅथलीन किलियन आणि जॉन ॲलन यांनी घरगुती रातकिड्यांवर थेट प्रयोग केला. आधी नर झुंजवले, हरलेले वेगळे काढले, त्यांतल्या काहींना मादीशी जुगू दिलं आणि पुन्हा झुंजीला उभं केलं. एकटे राहिलेले पराभूत दबलेलेच राहिले. जुगून आलेले मात्र पराभव झालाच नव्हता अशा थाटात पुन्हा उभे ठाकले. चिनी वस्तादांची सरशी झाली म्हणायची.

पण दोनच वर्षांनी पारडं फिरलं. केव्हिन जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी समजूतच कसोटीला लावली आणि निष्कर्ष आला तो उलटा: जुगून आलेले नर झुंजीत जास्त करून हरले. त्यांच्या निबंधाचं शीर्षकही मिश्कील होतं, ‘प्रियकर, लढवय्या नव्हे’ अशा अर्थाचं. म्हणजे कोल्हापूरच्या तालमींतले वस्तादही अगदीच चुकीचे नव्हते, निदान रातकिड्यांपुरते तरी.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. किलियन-ॲलन यांच्या प्रयोगातला नर आधीच हरलेला होता आणि जुगण्यानं त्याची पराभवाची मरगळ पुसली गेली. जज यांच्या प्रयोगातला प्रश्न वेगळा होता: दबलेला नसलेला नर जुगल्यावर अधिक जोरकस होतो का? पराभवातून सावरणं वेगळं आणि मुळातली रग वाढणं वेगळं. या दोन गोष्टी चिनी वस्तादांनी एकाच मडक्यात घातल्या असाव्यात. शिवाय त्यांचा किडा महिन्याभराच्या मोसमात अनेकदा लढतो, हरतो, पुन्हा उभा केला जातो. अशा किड्याच्या बाबतीत ‘मादी दिली की लढतो’ हा अनुभव खोटा म्हणता येत नाही.

दुसरी मेख आहे वेळेची. नर रातकिडा मादीला शुक्राणू थेट देत नाही. शुक्राणूंनी भरलेली एक इवलीशी कुपी तिच्या अंगाला चिकटवतो. कुपी बाहेरच लोंबत राहते आणि तिच्यातले शुक्राणू हळूहळू मादीच्या पोटात उतरतात. मादीनं ती आधीच काढून खाल्ली तर नराची मेहनत पाण्यात. आणि माद्या ती खातात. त्यामुळे जुगल्यावर नर तिथून हलत नाही. मिशा तिच्या अंगावर टेकवून तो पहारा देतो, ती हलली की तिला दटावतो आणि दुसरा नर जवळ आला तर त्याच्यावर तुटून पडतो. आपल्याकडेही आढळणाऱ्या ग्रिलस बायमॅक्युलेटस या काळ्या रातकिड्यात नवी कुपी तयार व्हायला साधारण तासभर लागतो. तेवढ्या वेळात त्याला नवी मादी मिळून उपयोग नाही. त्याचं सगळं भांडवल समोरच्या मादीच्या अंगावर लोंबत असतं. तेव्हा जुगून झाल्यावर दहाव्या मिनिटाला, मादी शेजारी असताना त्याची रग मोजली तर एक उत्तर येईल. मादी काढून घेतल्यावर काही तासांनी मोजली तर दुसरंच.

स्टीव्हन्सन आणि यान रिलिख यांनी पुढं या हिशोबाची रसायनं बऱ्यापैकी उलगडली. झुंज जिंकल्यावर आणि बिळाचा ताबा मिळाल्यावर ऑक्टोपामाइनच्या जोरावर आक्रमकता चढते. पराभवानंतरची मरगळ नायट्रिक ऑक्साइडमुळे टिकते. तीतून बाहेर यायला डोपामिन लागतं. त्यांचं २०१५ सालचं निरीक्षण तर फार बोलकं आहे: लढताना रातकिडा प्रतिस्पर्ध्याकडून मिळणाऱ्या प्रत्येक तडाख्याची बेरीज करत जातो आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पळतो. बीळ, विजय, मादी यांसारख्या गोष्टी ती मर्यादा वर सरकवतात, म्हणजे तो जास्त मार सोसायला तयार होतो. इवल्याशा मेंदूत हे चालतं, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

झुंजीचा असा हिशोब मांडायची रीत जीवशास्त्रात १९७०च्या दशकात रुजली. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली प्राण्यांच्या भांडणांना खेळाच्या गणिताचे नियम लावले. कोण किती बलवान, हा त्या गणिताचा एक भाग. ज्याच्यासाठी भांडायचं ती वस्तू भांडणाऱ्याला किती मोलाची वाटते, हा दुसरा. दोन सारख्या ताकदीच्या नरांपैकी ज्याला जिंकण्याची गरज जास्त, तो जास्त वेळ टिकतो. मादीचा अनुभव नराच्या ताकदीत फरक पाडत नसेलही. त्याच्या लेखी मैदानाची किंमत मात्र बदलते.

याचा स्वच्छ पुरावा फुलपाखरांनी दिला. त्यांना जबडे नाहीत, नखं नाहीत, डंख नाही. एकमेकांना इजा करायचं साधनच नाही, तरी नर जागेसाठी भांडतात. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात निक डेव्हिस यांनी १९७८ साली ठिपकेदार तपकिरी रंगाच्या पारार्ज इजेरिया फुलपाखराचा अभ्यास केला. झाडांच्या दाट सावलीत जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात. अशा एकेका कवडशावर एकेक नर ठाण मांडून बसतो, कारण माद्या तिथंच येतात. दुसरा नर आला की दोघं एकमेकांभोवती गिरक्या घेत झाडांच्या शेंड्यापर्यंत जातात आणि तीन-चार सेकंदांत उपरा निघून जातो. डेव्हिस यांनी मग खोडी काढली. त्यांनी एकाच कवडशावर दोन नर अशा रीतीनं आणले की दोघांनाही ‘ही जागा माझी’ असं वाटावं. ती गिरक्यांची लढत नेहमीच्या दहापट लांबली.

स्टॉकहोम विद्यापीठातल्या मार्टिन बर्गमान, मार्टिन ओलोफसन आणि क्रिस्टर विकलुंड यांनी २०१० साली याच फुलपाखराला मादीचा प्रश्न विचारला. त्यांनी मोठ्या पिंजऱ्यात दोन नर झुंजवले आणि जिंकलेल्याला बाहेर काढलं. हरलेल्यांपैकी ३० नरांना अर्धा तास मादीसोबत ठेवलं, दुसऱ्या ३० नरांना तेवढाच वेळ एकटं. त्यानंतर आधीचा विजेता परत सोडला. मादीला भेटलेल्या नरांनी आता निकाल उलटवण्याची शक्यता बरीच जास्त होती. यातली खोच अशी की समागम झालाच नव्हता. ती मादी या नरांना दाद देणारी नव्हती. नुसती भेट, नुसता पाठलाग एवढ्यावर नराला कळलं की इथं माद्या येतात आणि ही जागा सोडण्यासारखी नाही.

वयाचाही हिशोब असतो. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आसपास बागांमध्ये मोठा चांदवा नावाचं फुलपाखरू दिसतं. नराचे पंख काळे, त्यांवर निळसर-जांभळी कड असलेले पांढरे मोठे ठिपके. एकाच फांदीच्या टोकावर तो पुन्हा पुन्हा येऊन बसतो आणि जवळून जाणाऱ्या कशावरही धावून जातो, कधीकधी भिरकावलेल्या खड्यावरसुद्धा. हेच फुलपाखरू ऑस्ट्रेलियातही आहे. तिथं डॅरेल केम्प यांनी पाहिलं की जागेच्या लढतीत मोठ्या आकाराच्या नरांपेक्षा वयस्क नर सरस ठरतात. पुढं फार दिवस उरलेले नसले की जपून राहण्यात अर्थ उरत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

चिलटांनी मात्र सगळ्याला वेगळंच वळण दिलं. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ही लालसर डोळ्यांची चिलटं म्हणजे जीवशास्त्राचं लाडकं ड्रोसोफिला. आंबेवाले ज्या फळमाशीच्या नावानं बोटं मोडतात ती वेगळी, आकारानंही मोठी. चिलटांचे नर भांडतात हे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१५ सालीच नोंदवलं होतं, पण पुढं कित्येक दशकं त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये एडवर्ड क्रॅव्हिट्झ यांच्या प्रयोगशाळेनं त्यांच्यासाठी चिमुकला आखाडाच बांधला. क्रॅव्हिट्झ आधी लॉबस्टरच्या झुंजींवर काम करत होते. चिलटांच्या आखाड्यात मधोमध खाद्याची छोटी वाटी आणि तीत डोकं उडवलेली मादी. ती जागची हलत नाही आणि नरांना मात्र मादीच वाटते. नर मागच्या पायांवर उभे राहतात, पुढचे पाय उगारून प्रतिस्पर्ध्यावर कोसळतात, मुष्टियुद्ध करावं तसे एकमेकांना ठोसे देतात. हे सगळं भिंग न लावता पाहिलं तर दोन काळे ठिपके थरथरताना दिसतात, बस.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत युह नुंग जान आणि लिली जान यांच्या प्रयोगशाळेनं २०१४ साली चिलटांचा समागमाचा अनुभव आणि आक्रमकता यांचं नातं शोधलं. मादी समोर असली की नरांची भांडणं वाढतात, हे अपेक्षितच होतं. पण ज्या नरांना आधीच माद्यांच्या सहवासात ठेवलं होतं, त्यांची ही आक्रमकता बरीच निवळलेली आढळली. म्हणजे फुलपाखराच्या अगदी विरुद्ध. शास्त्रज्ञांनी या शमनाचा माग थेट चेतापेशींपर्यंत काढला. नर चिलट मादीला पुढच्या पायानं टपली मारतो आणि पायावरच्या केसांनी तिच्या अंगावरच्या मेणासारख्या द्रव्यांची चव घेतो. ही चव पकडणारी एक विशिष्ट यंत्रणा बंद पाडली, तर आधीच्या सहवासाचा परिणाम नाहीसा होतो. यंत्रणा चालू असेल तर तो निरोप फक्त नरांमध्ये आढळणाऱ्या काही पेशींपर्यंत पोचतो आणि त्या ‘गाबा’ नावाच्या रसायनाच्या साहाय्यानं भांडणाच्या आवेगावर ब्रेक लावतात. माणसाच्या मेंदूतही चेतापेशींना शांत करणारं प्रमुख रसायन हेच आहे.

ज्या नराला माद्या सहज भेटत आल्या आहेत, त्याला एका मादीसाठी डोकं फोडून घ्यायचं कारण नाही, असा याचा अर्थ लावता येतो. फुलपाखराला एक मादी दिसणं म्हणजे या जागेवर आशा आहे. चिलटाला दिवसभर माद्यांत वावरणं म्हणजे माद्यांची टंचाई नाही. अनुभव वरवर एकच, पण त्यातून दोघांनी काढलेला मथितार्थ वेगळा. ‘समागमानं नर आक्रमक होतो की मवाळ?’ हा प्रश्नच म्हणूनच थोडा भोंगळ आहे. कोणता कीटक, कधी, मादी अजून जवळ आहे का, आणि आधी तो जिंकला होता की हरला होता, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

समागमानंतर भांडायची गरज का पडावी, हे समजायला शेणावरच्या पिवळ्या माशा उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये जेफ्री पार्कर यांनी १९७०च्या सुमारास ताज्या शेणाशेजारी तासन्‌तास बसून त्यांचा अभ्यास केला. मादी अंडी घालायला शेणावर येते आणि तिथं टपलेल्या नरांची तिच्यावर झुंबड उडते. ती अनेकांशी जुगली, तर शेवटच्या नराच्या वाट्याला सुमारे ८० टक्के अंडी येतात. साहजिकच जुगून झाल्यावर मादी अंडी घालेपर्यंत तिच्यावर स्वार राहून इतरांना हुसकावणं हाच नराचा खरा उद्योग. टाचण्यांमध्ये तर याहून पुढची पायरी आहे. अमेरिकेतल्या एका टाचणीवर काम करताना जोनाथन वागे यांना १९७९ साली आढळलं की नर स्वतःचे शुक्राणू देण्याआधी मादीच्या शरीरातले आधीच्या नराचे जवळजवळ सगळे शुक्राणू खरवडून काढतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या तळ्याकाठी टाचण्यांच्या जोड्या पुढं-मागं जोडलेल्या अवस्थेत उडताना दिसतात. पुढचा नर असतो आणि त्यानं शेपटीच्या टोकानं मागच्या मादीची मान धरलेली असते. अनेक जातींत समागम संपला तरी अंडी घालून होईपर्यंत तो ती सोडत नाही, त्याचं कारण हेच.

काही नर हरल्यावर दुसरा मार्ग धरतात. जपानमधल्या ओकायामा विद्यापीठातल्या केन्सुके ओकादा आणि ताकाहिसा मियातके यांनी पिठातल्या शिंगवाल्या भुंगेऱ्यांवर काम केलं. नराच्या जबड्यांना पुढं आलेले मोठे सुळे असतात आणि नर त्यांनी ढुशा देतात. हरलेला नर त्यानंतर सुमारे चार दिवस लढत नाही. मात्र त्या काळात जुगायची संधी मिळाली तर तो मादीला नेहमीपेक्षा जास्त शुक्राणू देतो. मैदानात गमावलेलं तो मादीच्या पोटातल्या स्पर्धेत भरून काढू पाहतो. पाचव्या दिवशी पुन्हा सुळे परजून हजर.

अशा निष्कर्षांची वर्तमानपत्रांत फार लवकर माणसांची गोष्ट होते. २०१२ साली ‘सायन्स’मध्ये एक निबंध आला: माद्यांनी वारंवार झिडकारलेले नर चिलट दारू मिसळलेलं खाद्य जास्त पसंत करतात. झालं, जगभर प्रेमभंग आणि बाटलीचे मथळे सुरू झाले. प्रयोग पक्का होता. झिडकारलेल्या नरांच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड एफ नावाचं द्रव्य कमी झालेलं आढळलं होतं आणि दारूकडचा ओढा त्याच्याशी जोडलेला होता. पण त्यावरून गल्लीतल्या बारमधल्या गिऱ्हाइकाचं निदान करणं म्हणजे रातकिड्यावरून पैलवानाचा खुराक ठरवण्यासारखं आहे. मेंदूतली काही रसायनं दोघांत सारखी असली तरी चिलटाला घर, पगार, लाज किंवा नातेवाईक नसतात.

या सगळ्यात मादी केवळ निमित्त म्हणून येते, ही मात्र अभ्यासांचीच मोठी उणीव. रातकिड्याच्या मडक्यात सोडलेल्या मादीचं पुढं काय झालं, हे कोणी फारसं विचारत नव्हतं. ऑक्सफर्डमधल्या एलिनॉर बाथ आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली तो प्रश्न चिलटांच्या माद्यांना विचारला. खाद्यासाठी माद्याही एकमेकींशी भांडतात, आणि समागम झालेल्या माद्या कोऱ्या माद्यांपेक्षा कितीतरी जास्त भांडतात. अंड्यांसाठी जास्त अन्न लागतं म्हणून असेल, असा पहिला तर्क. तो टिकला नाही. अंडी तयार करण्याच्या खर्चाशी या भांडकुदळपणाचा संबंध लागेना. संबंध लागला तो नराकडून मिळालेल्या शुक्राणूंशी, आणि काही प्रमाणात त्यांच्यासोबत येणाऱ्या ‘सेक्स पेप्टाइड’ नावाच्या प्रथिनाशी. शुक्राणू नसलेल्या नरांशी जुगलेल्या माद्यांमध्ये ही वाढ तशी दिसली नाही. नराच्या वीर्यातला ऐवज मादीला तिच्या मैत्रिणींवर धावून जायला लावतो, आणि यात फायदा नराचा की मादीचा, यावर आता कीटकशास्त्रज्ञच हमरीतुमरीवर आले आहेत.